महापालिकेचं मतदान आणि मुंबईकर: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की सोसायटीच्या गेटवर, चाळीच्या गॅलरीत आणि नाक्यावरच्या टपरीवर तेच ते प्रश्न फिरत राहतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. आकडे आणि दाखले बहुतेक २०१७ आणि २०२६ च्या निवडणुकांचे आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जी भांडणं होतात त्यांतली निम्मी यादीची असतात, आणि त्या दिवशी ती कुणीच सोडवू शकत नाही.

आमचा वॉर्ड ‘के पूर्व’ आहे. मग उमेदवार प्रभागाचा नंबर का सांगतो?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अक्षरी वॉर्ड हा प्रशासनाचा विभाग असतो. कुलाबा-फोर्टचा ए, दादर-माहीम-धारावीचा जी उत्तर, अंधेरी पूर्वेचा के पूर्व, मुलुंडचा टी. तिथे सहायक आयुक्त बसतो. पाणी, कचरा, रस्ते, इमारत अशी खाती त्याच्या हाताखाली असतात. प्रभाग मात्र निवडणुकीचा. मुंबईत असे २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येतो. एका अक्षरी वॉर्डात अनेक प्रभाग मावतात. तक्रार करायची ती वॉर्ड ऑफिसात, मत द्यायचं ते प्रभागात. बोलताना सगळे दोन्हीला ‘वॉर्ड’च म्हणतात, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास घोळ होतो.

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर होती. त्या हिशेबाने एका प्रभागात सरासरी ५५ हजारांच्या आसपास माणसं येतात. मधल्या काळात प्रभाग २३६ करायचं ठरलं होतं, सरकार बदलल्यावर ते परत २२७ झाले. म्हणून जुना नंबर धरून बसू नका. तुमच्या गल्लीचा नंबर आणि हद्द दोन्ही बदललेलं असू शकतं.

विधानसभेला मत दिलं होतं. महापालिकेच्या यादीत नाव कुठे गेलं?

बहुतेक वेळा नाव गेलेलं नसतं, सरकलेलं असतं. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि तिची प्रभागवार फोड करतो. २०२६ च्या निवडणुकीसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. त्या दिवसानंतर ज्याचं नाव विधानसभेच्या यादीत चढलं त्याला जानेवारीत मत देता आलं नाही, मग हातात नवं कोरं मतदार कार्ड का असेना. जुलै ते जानेवारी या काळात अठरा पूर्ण केलेली मुलं अशीच राहिली.

फोड करताना चुका होतात त्या सीमेवरच्या इमारतींच्या. रस्त्याच्या अलीकडची बिल्डिंग एका प्रभागात आणि पलीकडची दुसऱ्यात जायला हवी, पण यादीचा अख्खा भाग उचलून एकीकडे टाकला जातो. मग ए विंग एका नगरसेवकाला मत देते आणि बी विंग दुसऱ्याला. हे दुरुस्त करायची वेळ म्हणजे प्रारूप यादी लागल्यावरचे हरकती-सूचनांचे दिवस. गेल्या खेपेला प्रारूप यादी २० नोव्हेंबर २०२५ ला आली आणि मुदत वाढवून ३ डिसेंबरपर्यंत हरकती घेतल्या. या टप्प्यावर तीनच गोष्टी होतात: चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव योग्य प्रभागात आणणं, विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीतून सुटलेलं नाव घालणं आणि लेखनिकी चुका सुधारणं. नवं नाव घालता येत नाही आणि मृताचं नाव काढता येत नाही. ती कामं विधानसभेच्या यादीची, म्हणजे भारत निवडणूक आयोगाकडची. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी ७, पत्ता बदल, दुरुस्ती किंवा हरवलेल्या कार्डासाठी ८. हे अर्ज वर्षभर भरता येतात. अठरा वर्षं पूर्ण झाल्याचा हिशेब आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना धरतात.

व्यवहारात एवढं करा. आपल्या घरातली नावं, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. ऑनलाइन शोधताना नावाच्या स्पेलिंगवर भरवसा ठेवू नका, मतदार कार्डाच्या नंबराने शोधा. ‘सावंत’चं ‘सांवत’ झालं की नावाने कधीच सापडत नाही.

बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, आम्ही तीन वर्षांसाठी भाड्याने दुसरीकडे राहतोय. मत कुठे?

मुंबईत याहून नेहमीचा प्रश्न नसेल. कायदा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असा शब्द वापरतो आणि तात्पुरत्या गैरहजेरीने तो रहिवास संपत नाही. अडचण कागदावर नसून जागेवर असते. बीएलओ, म्हणजे घरोघरी जाऊन यादी तपासणारा केंद्रस्तरीय अधिकारी, पत्त्यावर येतो, तिथे पत्र्याचं कुंपण आणि खड्डा दिसतो, आसपास विचारायला कुणी नसतं. तो ‘स्थलांतरित’ अशी नोंद करतो आणि पुढच्या पुनरीक्षणात एका दमात ऐंशी घरांची नावं उडतात.

म्हणून इमारत रिकामी करतानाच सोसायटीने एक काम करावं. सगळ्या सभासदांची नावं, कार्ड नंबर, सध्याचा पत्ता आणि फोन अशी यादी, सोबत विकासकाशी झालेल्या कराराची प्रत, आणि ‘हे सभासद परत येणार आहेत’ असं पत्र मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. बीएलओलाही एक प्रत द्यावी. पोच नसलेलं पत्र दिलं नाही असंच समजा.

मात्र कायमचं बिऱ्हाड हलवलं असेल, तर नमुना ८ भरून नाव नव्या पत्त्यावर न्या. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे. खोटं प्रतिज्ञापन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावाला ग्रामपंचायतीसाठी एक आणि इथे एक, ही कोकणातली आणि घाटावरची जुनी सवय याच कलमात बसते.

नावापुढे दोन तारे छापलेत. याचा अर्थ?

यंत्रणेला तुमचं नाव दुबार वाटलं आहे. २०२५ च्या प्रारूप यादीत मुंबईत १ कोटी ३ लाखांवर मतदार होते आणि त्यातल्या ११ लाखांहून अधिक नोंदी संभाव्य दुबार म्हणून निघाल्या. या ११ लाखांत एकाच माणसाच्या दोन-तीन-चार नोंदी धरलेल्या होत्या, म्हणजे ११ लाख बोगस माणसं नव्हेत. शिवाय नाव सारखं असलेली दोन खरी माणसंही त्यात येतात. पाटील, शेख, यादव यांची तर रांग लागते. उलट बाजूने, ‘सगळी साधी चूक आहे’ म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. नोंद खरंच दुबार आहे की नाही ते घरोघरी जाऊनच कळतं, आणि तेवढी माणसं कुणी लावली नाहीत.

तारे असतील तर केंद्रावर ओळख जास्त काटेकोर तपासतात आणि ‘दुसरीकडे मत दिलेलं नाही व देणार नाही’ असं हमीपत्र लिहून घेतात. जास्तीची पंधरा मिनिटं धरून जा.

यादीत नाव नाही, पण आधार दाखवून ‘चॅलेंज व्होट’ करता येतं ना?

नाही. दर निवडणुकीला फिरणारा हा मेसेज खोटा आहे. नाव यादीत नसेल तर कुठल्याही कागदावर मत देता येत नाही. ‘चॅलेंज’ म्हणजे आक्षेप. तो उमेदवाराचा प्रतिनिधी घेतो, आणि तोही ज्याचं नाव यादीत आहे त्याच्या ओळखीवर. त्याच मेसेजचं दुसरं शेपूट, ‘१४ टक्के टेंडर व्होट झाले की फेरमतदान’, तेही बनावट.

माझ्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर?

भांडून घरी जाऊ नका. केंद्राध्यक्षाकडे ‘प्रदत्त मत’ (वरच्या मेसेजातलं ‘टेंडर व्होट’ ते हेच) मागा. ओळख पटली की तो तुम्हाला यंत्रावर न पाठवता कागदी मतपत्रिका देतो आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतो. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला आणि फरक थोडा असला तर ते पाकीट उघडू शकतं. बहुतेकांना हा हक्क ठाऊक नसतो, आणि गर्दीत कुणी आपणहून सांगतही नाही.

मतदार कार्ड सापडत नाही.

आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी एक मूळ कागद न्या. पक्षाच्या टेबलावर मिळणारी चिठ्ठी फक्त खोली शोधायला, ती ओळखपत्र नव्हे. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. विधानसभेला सहापर्यंत असते, त्या सवयीने उशिरा येणारे दर वेळी फाटकाबाहेर राहतात. साडेपाचला जे रांगेत आहेत त्यांना मात्र मतदान करू देतात.

मुंबईत एकच बटण. ठाण्याच्या भावाला चार कशी?

राज्यातल्या इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक. तिथे प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यावं लागतं. मुंबईत एकसदस्यीय पद्धत आहे. एक बटण, एक बीप, काम संपलं. मुंबईकराने हे भाग्य समजावं. चार नगरसेवकांच्या प्रभागात तुंबलेलं गटार कुणाचं, यावरच पाच वर्षं निघून जातात.

शाई पुसली जाते आणि व्हीव्हीपॅटही नाही. मग भरवसा कसा ठेवायचा?

दोन्ही आक्षेप खरे मुद्दे धरून आहेत, म्हणून नीट बोलू.

व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं ते कागदी चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र, महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत वापरत नाहीत. एका मतदाराची अनेक मतं नोंदवणाऱ्या यंत्राला तसा जोड उपलब्ध नाही, हे आयोगाचं कारण. मुंबईत एकच मत असल्याने हे कारण इथे लंगडं पडतं, आणि विरोधी पक्षांनी नेमकं तेच बोट ठेवलं. शाईचं म्हणाल तर आयोग बरीच वर्षं बाटलीऐवजी मार्कर वापरत आला होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान चालू असतानाच ती पुसली जात असल्याचे व्हिडिओ फिरले आणि मोठा गदारोळ झाला. पण शाई ही एकमेव पकड नाही. यादीत तुमच्या नावापुढे खूण होते, सही किंवा अंगठा घेतात, आणि आत प्रत्येक मोठ्या पक्षाचा प्रतिनिधी यादी घेऊन बसलेला असतो. पुसलेल्या बोटाने त्याच केंद्रावर त्याच नावावर परत मत देता येत नाही. धोका दुबार नावांचा असतो. एक माणूस, दोन केंद्रं, दोन नोंदी. म्हणजे फिरून गाडी यादीवरच येते.

ज्यांना खरोखर पहारा ठेवायचा आहे त्यांनी प्रतिनिधी म्हणून बसावं. सकाळी मतदान सुरू होण्याआधीचं अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, बघावं, यंत्राचे आणि मोहरांचे नंबर लिहून घ्यावेत, आणि शेवटी झालेल्या एकूण मतांचा हिशेब सहीनिशी मागून घ्यावा. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळवायचा असतो. रात्री ग्रुपवर लिहिलेल्या दहा मेसेजपेक्षा हा एक कागद कामाचा.

‘नोटा’ने, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’ या बटणाने, काही फरक पडतो का?

स्थानिक निवडणुकीत पडू शकतो. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला. नोटाला सर्व उमेदवारांपेक्षा जास्त मतं पडली तर कुणी विजयी होत नाही, निवडणूक पुन्हा घेतात. लोकसभा-विधानसभेत असं नाही.

आरक्षण कसं ठरतं? आमचा प्रभाग दर वेळी कसा फिरतो?

११ नोव्हेंबर २०२५ ला वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात सोडत निघाली. २२७ पैकी १५ अनुसूचित जाती, २ अनुसूचित जमाती, ६१ ओबीसी आणि उरलेले १४९ खुले. या सगळ्यांत मिळून ११४ जागा महिलांच्या. अनुसूचित जाती-जमातींचे प्रभाग त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरतात, ओबीसी आणि महिलांचे चिठ्ठीने. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रभागात ‘जनसंपर्क कार्यालय’ उघडणारे इच्छुक दिसले की समजायचं, साहेबांचा प्रभाग गेला.

महिला प्रभागात फलकावर नवऱ्याचा फोटो मोठा आणि उमेदवाराचा छोटा असेल, तर प्रचारफेरीत प्रश्न उमेदवारालाच विचारा आणि उत्तर तिच्याकडूनच घ्या. आपल्या हिमतीवर काम केलेल्या नगरसेविका मुंबईने खूप पाहिल्यात. फरक दोन मिनिटांत कळतो.

उमेदवाराची माहिती कुठे वाचायची?

शपथपत्रात. ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावतात आणि आयोगाच्या संकेतस्थळावरही टाकतात. मालमत्तेचा आकडा पाहून सगळे ‘बापरे’ म्हणतात आणि बंद करतात. त्यापेक्षा व्यवसायाचा रकाना वाचा. बांधकाम, कंत्राट किंवा महापालिकेला मालाचा पुरवठा असेल तर पुढचा प्रश्न आपोआप सुचेल. गुन्ह्यांत आंदोलनाचे कोणते आणि मारामारी-खंडणीचे कोणते, हे वेगळं करा. मुंबईत रस्त्यावर उतरलेल्या कार्यकर्त्यावर जमावबंदीचे गुन्हे असणारच. उमेदवाराचं वय किमान २१ हवं आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर अपत्यांची संख्या दोनच्या वर गेलेली नसावी.

जुने नगरसेवक पुन्हा उभे असतील तर सभागृहातली हजेरी आणि विचारलेले प्रश्न पाहा. प्रजा फाउंडेशन ही संस्था त्याची प्रगतिपुस्तकं काढत आली आहे. प्रश्नांची संख्या फसवी असते. रस्त्यांच्या नामकरणाचे दहा प्रश्न विचारणारा आणि पाण्याच्या दाबावर दोन विचारणारा, यातला दुसरा बरा.

उमेदवार सोसायटीला रंग, सीसीटीव्ही, टाकी देतो म्हणतो. घ्यावं का?

ती लाच आहे, आणि घेणाराही अडकतो. कमिटीच्या सभेत ठराव करून घेतली तर पुरावा तुम्हीच लिहून दिलात. मुंबईत उमेदवाराची खर्चमर्यादा १५ लाख रुपये आहे. एका सात मजली इमारतीच्या बाहेरच्या रंगाचं कोटेशन आठवा आणि हिशेब करा.

निवडून आलेल्या नगरसेवकाच्या हातात नेमकं काय असतं?

लोक समजतात त्यापेक्षा कमी, आणि नगरसेवक सांगतो त्यापेक्षा जास्त. नळाचं पाणी, कचरा, गटारं, नाले, महापालिकेचे रस्ते आणि पदपथ, बागा, मंडया, पालिका शाळा, दवाखाने, प्रसूतिगृहं, स्मशानं या गोष्टींवर त्याचा रेटा चालतो. पोलीस आणि रेशन राज्याचं. म्हाडा वसाहतीतले आतले रस्ते अनेकदा म्हाडाकडेच असतात, झोपडपट्टी पुनर्वसन एसआरएकडे, मेट्रो वेगळ्या प्राधिकरणांकडे. रुळांलगतचा नाला रेल्वेच्या हद्दीत जातो आणि तिथेच तुंबतो, मग पालिका आणि रेल्वे एकमेकांकडे बोट दाखवतात. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग मात्र २०२२ पासून पालिकेकडे आहेत, तिथल्या खड्ड्याला ‘तो एमएमआरडीएचा’ (महानगर विकास प्राधिकरणाचा) हे उत्तर आता चालणार नाही. विजेचं बिल वाढलं म्हणून कांदिवलीत नगरसेवकाला धरण्यात अर्थ नाही. बेस्टची वीज शहरात, उपनगरात बहुतांश खासगी कंपन्या आणि भांडुप-मुलुंडला महावितरण.

नगरसेवक निधीतून पेव्हर ब्लॉक, बाकडी आणि प्रवेशद्वारं होतात, कारण ती दिसतात आणि त्यांवर नाव रंगवता येतं. मलनिस्सारणाची वाहिनी बदलली तर त्यावर नाव लिहिता येत नाही. प्रचारात दुसऱ्या प्रकारचं काम दाखवणारा भेटला तर दोन मिनिटं थांबून ऐका.

महापौर मोठा की आयुक्त?

मान महापौराचा, सही आयुक्ताची. १८८८ च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि त्याला राज्य सरकार नेमतं. महापौर अडीच वर्षांचा, नगरसेवकांनी निवडलेला. सभागृहात ११४ चं बहुमत लागतं. खरी किल्ली स्थायी समितीकडे, कारण मोठ्या कंत्राटांचे प्रस्ताव आणि अर्थसंकल्प तिथून जातात. म्हणून महापौरपदासाठी घोषणा होतात आणि स्थायीच्या अध्यक्षपदासाठी रात्री बैठका.

७ मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकच सगळं होता. प्रस्ताव आणणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता, आणि त्यावर एकाही निवडून आलेल्या माणसाने सभागृहात प्रश्न विचारला नाही. ‘नगरसेवक नव्हते तेव्हा काय अडलं?’ असं विचारणाऱ्यांना हे सांगा. त्यात जकात १ जुलै २०१७ ला गेल्यापासून पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर टेकली आहे. मालमत्ता कर ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफ आहे. ती माफी योग्य की अयोग्य यावर वाद जरूर घाला, पण पैसा दुसरीकडून कुठून यावा हेही त्याच वाक्यात सांगा.

जिंकल्यावर पक्ष बदलला तर?

१९८६ चा राज्याचा वेगळा पक्षांतरबंदी कायदा नगरसेवकांना लागू आहे. निकालानंतर प्रत्येक पक्षाचे नगरसेवक कोकण विभागीय आयुक्तांकडे गट नोंदवतात, पुढे व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला की तिथूनच खटला सुरू होतो. खटले लांबतात आणि मुदत संपते, हेही तितकंच खरं.

एका मताने काय होतं? आणि अपक्ष निवडून येतो का?

२०१७ मध्ये प्रभाग २२० मध्ये भाजप आणि शिवसेनेच्या उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. अपक्षांचं म्हणाल तर २००७ मध्ये जुहूत रहिवासी संघटनांनी उभा केलेला नागरिक उमेदवार निवडून आला होता. तो प्रयोग नंतर अनेकांनी केला आणि बहुतेकांचा फसला. कारण साधं आहे: इमारतींच्या गटाने उमेदवार ठरवला, पण त्याच प्रभागातल्या वस्तीत कुणी गेलं नाही. मतदानाची टक्केवारी तिथेच जास्त असते.

निवडणूक झाली. आता खड्ड्यासाठी काय करायचं?

आधी १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. आठवड्यात काही झालं नाही तर तोच क्रमांक घालून सहायक आयुक्तांना लेखी अर्ज द्या, प्रत नगरसेवकाला, आणि आवक कक्षाचा शिक्का घ्या. रस्ता अलीकडेच केलेला असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. ‘रस्ता खराब का’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख मागा. तो कालावधी बाकी असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. उत्तराची मुदत ३० दिवसांची. तारीख हातात आली की कागद घेऊन नगरसेवकाच्या कार्यालयात दोघं-तिघं मिळून जा, शक्यतो प्रभाग समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी.